माळउमरीला अधिकृतरीत्या ऐकू येत नाही

अहमदपूरच्या मार्केट यार्डामागे एका महिला संस्थेची इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावरची एक खोली गाद्यांच्या फोमने मढवलेली आहे आणि त्या खोलीतून नव्वद पॉइंट चारवर 'रेडिओ सुगी' चालतो. सरकार अशा केंद्राला सामुदायिक रेडिओ म्हणतं. समुदायाने तो समुदायासाठी चालवायचा आणि त्यावर मनातलं सगळं मोकळेपणाने बोलायचं. फक्त बातम्या सांगायच्या नाहीत, राजकारण बोलायचं नाही, आणि फार लांब ऐकू जाईल असं काही करायचं नाही. नळाला पाणी आलं नाही ही बातमी होते, म्हणून केंद्रप्रमुख लुंबिनी सोनकांबळे ती आरोग्याच्या सदरात सांगायची: "ज्या गल्लीत आज पाणी आलेलं नाही, तिथल्यांनी आलं की उकळून प्यावं."

लुंबिनी नांदेडला पत्रकारिता शिकली होती. बरोबरीच्या मुली पुण्याला गेल्या. ही राहिली, कारण तिची आई पंचफुलाबाई माळउमरी सोडायला तयार नव्हती. माळउमरी म्हणजे लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या शिवेवरचं, माळाच्या डोक्यावर बसलेलं गाव. मध्ये डोंगर नाही, झाड नाही, त्यामुळे अहमदपूरचा बारका रेडिओ तिथवर बऱ्यापैकी पोचायचा. संध्याकाळी 'दिवेलागण' सुरू झालं की पंचफुलाबाई बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर रेडिओ मोठा करून ठेवायची. ग्यानोबा पाटलाच्या रानात तिने उभा जन्म खुरपलं होतं. आता त्याच रानात काय फवारायचं ते तिची लेक सांगायची आणि ग्यानोबा पाटील आपल्या ओट्यावर कान देऊन ऐकायचा. पंचफुलाबाईला बाजारभावातलं काही कळत नव्हतं, पण हा कार्यक्रम तिने एक दिवस चुकवला नाही.

मग मुखेडला गुरुबसप्पाआप्पांचा रेडिओ आला.

आप्पांचे लातूरला क्लास, मुखेडला शिक्षणसंस्था, आणि दोहोंच्या मधल्या रस्त्यावर आप्पांचे फोटो. ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी म्हणून त्यांच्या संस्थेला सामुदायिक रेडिओचा परवाना मिळाला. दिल्लीत बसून नकाशा पाहिला तर अहमदपूर आणि मुखेड यांच्यात चांगलं बोटभर अंतर दिसतं. एवढ्याशा ताकदीची केंद्रं बोटभर अंतरावरून एकमेकांना काय त्रास देणार? म्हणून त्यांनाही नव्वद पॉइंट चारच देण्यात आलं. कागदावर हे अगदी बरोबर होतं. कागदावर आप्पांचं यंत्रही लहानच होतं.

प्रत्यक्षात आप्पांच्या विचारांना तेवढं यंत्र पुरेना. राजकारण बोलायला बंदी असल्यामुळे आप्पा राजकारण अजिबात बोलत नसत. ते रोज संध्याकाळी एकेका गावाचं नाव घेत आणि त्या गावचा रस्ता कसा आहे, आणि तो कसा झाला असता जर कुणी लक्ष घातलं असतं, एवढंच सांगत. आता ज्या गावचं नाव घेतलं त्या गावाला ते ऐकू जायला नको? म्हणून संस्थेच्या चौथ्या मजल्यावरच्या पाण्याच्या टाकीवर खांब चढला आणि यंत्राला आणखी एक यंत्र जोडलं गेलं.

"लुंबे, तुला सर्दी झाली का गं?" पंचफुलाबाईने फोनवर विचारलं.

"न्हाई. कामून?"

"आज मधातच बाप्यावानी बोलून राहिलीस. म्हणलीस, सोयाबीनला दुसरी खुरपणी येळेवर द्या, आन मग बाप्याच्या आवाजात म्हणलीस, हेच माझ्या जीवनाचं ध्येय आहे."

लुंबिनीने व्यंकटीला विचारलं. व्यंकटी केंद्रावर शेतीचे कार्यक्रमही करायचा आणि यंत्रही सांभाळायचा. तो म्हणाला, "ताई, दोन टेशनं एकाच आकड्यावर आली की रेडिओ त्यातलं जोराचं धरतो आन बारकं सोडून देतो. माळउमरीत दोघांचा जोर बरोबरीचा झाला असंल. मग तो घटकेत आपलं ऐकतो, घटकेत त्याहीचं. ढग आला, ट्रॅक्टर गेला, की पार्टी बदलली."

"आपला खांब तर नियमात आहे ना?"

"आपलं सगळं नियमात हाय. तेच तर दुखणं हाय."

लुंबिनीने दिल्लीच्या खात्याकडे तक्रार केली. आम्हाला किंवा त्यांना दुसरी लहर द्यावी, अशी विनंती केली. उत्तर आलं की आपली तक्रार प्राप्त झाली आहे. पुढच्या महिन्यात उत्तर आलं की ती संबंधितांकडे वर्ग केली आहे. त्यानंतर संबंधितांनी ती परत वर्ग केल्याचं कळवलं. तक्रारीचा एवढा प्रवास झाला, पण अहमदपूरची एसटी काही तिला सापडली नाही.

तोवर पुढचा पावसाळा लागला. एक दिवस ग्यानोबा पाटील केंद्राचा जिना चढून वर आला आणि त्याने टेबलावर मूठभर सोयाबीन टाकलं. पानं पिवळी पडून कडेने भाजली होती.

"पंचफुलाबाईची लेक म्हणून भरोसा ठिवला," तो म्हणाला. "तूच सांगितलीस ना मात्रा?"

लुंबिनीने पानं उचलून पाहिली. "काका, तणनाशक दहा लिटर पाण्याला वीस मिली सांगितलं होतं मी."

"वीस? दहा लिटर पाण्याला पंच्याण्णव सांगितलंस! ह्या कानानं ऐकलं. वर पॉइंट बी सांगितलंस. पंच्याण्णव पॉइंट सहा!"

व्यंकटीने कपाळाला हात लावला. त्या संध्याकाळी मुखेडला आप्पांच्या क्लासचा निकाल वाचत होते.

"काका, बाटलीवर लिहिलेलं असतंय की," लुंबिनी म्हणाली.

"लिव्हलेलं होतं. मला वाटलं कंपनीनं औषध पातळ केलं असंल, म्हणून तू वाढवून सांगितलीस." ग्यानोबा खुर्चीत बसला. रागापेक्षा त्याला वाईटच वाटत असावं. "धुऱ्याकडची, बांधाजवळची पट्टी गेली. बाकीचं वाचलं, कारण औषधच संपलं."

लुंबिनी दुसऱ्या दिवशी त्याच्या रानात गेली. जळालेल्या पट्टीचे फोटो काढून तिने ते तक्रारीला जोडले. उत्तर आलं की जोडपत्र नियत आकारापेक्षा मोठं असल्याने उघडत नाही.

त्यानंतरची गोष्ट मात्र दोन्ही तालुक्यांना माहीत झाली. जनावरांना लम्पी झाला होता आणि व्यंकटी त्यावर बोलत होता. त्याच वेळी मुखेडला आप्पांचा वाढदिवस चालू होता. माळउमरीच्या हॉटेलात कुणीतरी मोबाइलवर ते रेकॉर्ड केलं. त्यात व्यंकटी म्हणतो, "अंगावर गाठी येतात, ताप चढतो, चारा सुटतो, आणि..." लगेच भारदस्त आवाज येतो, "असे आपल्या सर्वांचे लाडके गुरुबसप्पाआप्पा!" टाळ्या. पुन्हा व्यंकटी: "अशा वेळी घाबरून न जाता त्यांना कळपापासून वेगळं बांधावं. माश्या बसू देऊ नयेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती क्लिप देगलूरपासून लातूरपर्यंत फिरली. माळउमरीच्या हॉटेलात मग रोज माणसं रेडिओभोवती जमायला लागली. नुसतं अहमदपूर ऐकण्यात पूर्वी मजा नव्हती आणि नुसतं मुखेड ऐकण्यात पुढेही असणार नव्हती. मालक म्हणायचा, "थांबा, आता जुळंल."

आप्पांनी तक्रार केली. आपल्या बदनामीसाठी अहमदपूर केंद्र हेतुपुरस्सर आपल्या प्रसारणात घुसत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. लहरींचं खातं सुस्त आहे असं म्हणणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. लुंबिनीची तक्रार वर्षभर गावोगाव हिंडत असताना आप्पांची तक्रार सरळ पोचली आणि आठवडा संपायच्या आत छतावर अँटेना लावलेली गाडी घेऊन विभागीय अधिकारी दाखल झाले. त्यांचं नाव धम्मानंद मेश्राम.

नाव ऐकून व्यंकटी खूश झाला. "ताई, आता न्याय होतोय बगा."

नाव ऐकून आप्पाही सावध झाले. अधिकारी मुखेडला पोचले तेव्हा आप्पांनी त्यांना शाल घातली, चहा दिला आणि हसत म्हणाले, "साहेब, सोनकांबळे मॅडम तुमच्याच समाजाच्या. म्हणजे आमची काही हरकत नाही हो. पण उद्या कुणी काही म्हणायला नको, तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे." मग त्यांनी यंत्र दाखवलं. त्या दिवशी ते अगदी परवान्याएवढं होतं. अधिकारी येणार हे त्यांना माहीत असणं साहजिक होतं, बोलावलं त्यांनीच होतं. जोडलेलं दुसरं यंत्र टाकीखालच्या खोलीत पोत्याने झाकून विश्रांती घेत होतं.

मेश्राम साहेबांनी गाडी माळउमरीला आणली. लुंबिनी आणि व्यंकटीही तिथे आले होते. गाडी पंचफुलाबाईच्या दारात उभी राहिली, कारण तिथलाच माळ सगळ्यात उंच होता.

"जयभीम साहेब," पंचफुलाबाई म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नमस्कार," मेश्राम म्हणाले. त्यांचं लक्ष गाडीतल्या मीटरवर होतं. मीटर तेव्हा बंद होतं.

लुंबिनीने ते पाहिलं. तिने काही ओळखलं असावं, कारण त्यानंतर ती त्यांच्याशी कागदातल्या भाषेतच बोलली. "सर, इथे दोन्ही केंद्रांचा संकेत मिसळतो. आज त्यांनी ताकद कमी केलीय, म्हणून आमचा स्पष्ट येतोय. गाडी न सांगता परत आणली तर कळेल."

"न सांगता तपासणीची तरतूद आहे," मेश्राम म्हणाले, "पण त्यासाठी आधी कळवावं लागतं."

त्यांनी नकाशा उघडला आणि दोन वर्तुळं दाखवली. एक अहमदपूरभोवती, एक मुखेडभोवती. माळउमरी दोन्हींच्या बाहेर होती. "हे पाहा मॅडम. हस्तक्षेप कधी मानतात? केंद्राच्या मान्य क्षेत्रात झाला तर. हे गाव कुणाच्याच क्षेत्रात नाही. इथे तुमचं केंद्र ऐकू येत नाही."

"येतं की," पंचफुलाबाई म्हणाली. "रोज येतं."

"येत असेल आजी. पण यायला नको."

"मग मी रोज काय ऐकून राहिले?"

मेश्रामांनी क्षणभर विचार केला. माणूस वाईट नव्हता. नियमात काही सापडतं का ते त्यांनी खरोखर पाहिलं. "अधिकृतरीत्या काही नाही," ते म्हणाले.

ग्यानोबा पाटील गर्दीतून पुढे आला. "साहेब, माझं सोयाबीन जळालं ते मग अधिकृत हाय का न्हाई?"

"तो कृषी खात्याचा विषय आहे."

निघताना मेश्राम लुंबिनीपाशी थांबले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमची फाइल व्यवस्थित आहे. त्यांची नाही, मला दिसतंय. पण तुमच्या बाजूने एक ओळ लिहिली तरी लोक आडनाव जोडून वाचतील. वरपर्यंत जाईल ते. तुम्ही समजून घ्याल."

"आणि माझ्या विरुद्ध लिहिली तर?" लुंबिनीने विचारलं. "ती निःपक्षपाती होईल?"

मेश्राम गाडीकडे वळले. गाडीत बसताना "जयभीम" म्हणाले, पण तोवर काच वर गेली होती.

दिवाळीच्या तोंडावर आदेश आला. त्यात कुणालाही दोष दिलेला नव्हता, एवढा समतोल आदेश होता. अहमदपूर केंद्राने स्वतःच दुसऱ्या लहरीची मागणी केली असल्याने ती विचाराधीन आहे. मुखेड केंद्राने अशी मागणी केलेली नाही, म्हणून त्याला हलवण्याचं कारण नाही. नवी लहर मिळेपर्यंत अहमदपूर केंद्राने खबरदारी म्हणून खांबाची उंची निम्मी करावी आणि मान्य क्षेत्राबाहेर आपला आवाज जाणार नाही याची दक्षता घ्यावी.

व्यंकटीने कागद वाचून टेबलावर ठेवला. "म्हणजे नियम मोडला त्याहीनं, आन खांब कापायचा आपला."

"हाव," लुंबिनी म्हणाली.

"अपील करू."

"करूच. पण खांब उतरवला नाही तर परवाना जाईल, मग अपील कशासाठी करायचं?"

खांब उतरवताना ती खाली रस्त्यावर उभी होती. त्या संध्याकाळी 'दिवेलागण' नेहमीसारखं झालं, तुरीचा भाव, हवामान, सगळं. कार्यक्रम संपल्यावर तिने आईला फोन लावला.

"आलं का ऐकायला?"

"आला ना. आप्पा आला. लई साफ येऊन राहिला आता, खरखर बी न्हाई." मग पंचफुलाबाईने विचारलं, "तू जेवलीस का?"

लुंबिनीने हो म्हटलं, फोन ठेवला आणि फोमच्या भिंतीला डोकं टेकून रडली. ती खोली तेवढ्यासाठी उत्तम होती. बाहेर काही ऐकू जात नाही.

हस्तक्षेप मात्र संपला. खात्याच्या वार्षिक अहवालात एक तक्रार निकाली निघाल्याची भर पडली असणार.

अडचण आली ती आप्पांना. माळउमरी आणि आसपासच्या गावांना संध्याकाळी शेतीचा सल्ला ऐकायची सवय लागली होती, आणि आता त्यांच्याकडे एकच केंद्र उरलं होतं. हरभऱ्यावर घाटेअळी आली तशी माणसं आप्पांच्या थेट कार्यक्रमाला फोन लावू लागली. पहिला फोन ग्यानोबा पाटलाचा होता.

"आप्पा, रस्त्याचं असू द्या. घाटेअळीला दहा लिटर पाण्याला काय न् किती?"

आप्पांनी अळीच्या प्रश्नाकडे गेल्या कित्येक वर्षांत झालेल्या दुर्लक्षाबद्दल खंत व्यक्त केली. दुसरा फोन आला. तिसरा आला. चौथ्याने थेट प्रसारणातच विचारलं की आप्पा, तुमाला म्हाईत न्हाई का? मग आप्पांच्या क्लासच्या जीवशास्त्राच्या सरांना माइकसमोर बसवलं. त्यांनी अळीची शरीररचना आकृतीसह समजावून सांगितली. रेडिओवर.

निवडणूक तोंडावर होती आणि अळीला त्याची कल्पना नव्हती. शेवटी एका दुपारी आप्पांची पांढरी गाडी अहमदपूरच्या मार्केट यार्डामागे येऊन थांबली.

"लुंबिनीताई," आप्पा जिना चढून आल्यामुळे धापा टाकत म्हणाले, "भांडण आपलं नव्हतंच. लहरींचं होतं. मी तर म्हणतो, तुमचा कार्यक्रम रेकॉर्ड करून आमच्याकडे द्या. आम्ही लावतो. 'गुरुबसप्पाआप्पा यांच्या सौजन्याने, सौ. लुंबिनीताई.' कसं?"

"सौ. नाही. लग्न झालेलं नाही माझं."

"मग कुमारी लावू."

"काहीच लावू नका. माझा आवाज तुमच्या सौजन्याने जाणार नाही."

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच वाटलं होतं की आपण देऊ केलेलं कुणी नाकारत नसतं. "मग शेतकऱ्याचं नुकसान झालं तर? तुमच्याच गावचे लोक आहेत."

हे त्यांनी सहज फेकलं होतं, पण लुंबिनीला ते लागलं. तिला ग्यानोबाने टेबलावर टाकलेली ती मूठ आठवली. व्यंकटी तिच्याकडे बघत मान हलवत होता, नको म्हणून.

"सल्ला घेऊन जा," ती म्हणाली. "व्यंकटी रोज दुपारी फोनवर सांगेल. नाव तुमचं लावायचं तर लावा. पण आकडा तोच वाचायचा, दोनदा वाचायचा, आणि त्याच्या मागेपुढे निकालाचे टक्के वाचायचे नाहीत."

"ताई!" व्यंकटी ओरडला.

"अळीला कुणाचं नाव वाचता येत नाही, व्यंकटी. पीक जळायला नको."

अशा रीतीने माळउमरीच्या माळावर 'आप्पांचा सल्ला' सुरू झाला. तो इतका अचूक निघाला की मुखेडच्या एका मंडळाने आप्पांना कृषिमित्र म्हणून गौरवलं. सत्काराला उत्तर देताना ते म्हणाले की मातीशी नाळ असली की हे ज्ञान आपोआप येतं. व्यंकटीने ते भाषण पूर्ण ऐकलं आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्याने हरभऱ्याची मात्रा बिनचूक सांगितली. एक शून्य वाढवायचा मोह झाला होता, असं त्याने नंतर लुंबिनीला सांगितलं. ग्यानोबाचं तोंड समोर आलं म्हणून तो आवरला.

आप्पा जिल्हा परिषदेवर निवडून आले. त्यानंतर त्यांना गावोगावच्या रस्त्यांची आठवण येईनाशी झाली आणि मुखेड केंद्रावर दिवसभर जुनी गाणी लागू लागली.

उन्हाळा लागताना लुंबिनीला नवी लहर मिळाली. तिने अपिलावर अपील केलं होतं, दिल्लीला जाऊन बाहेरच्या बाकावर बसली होती, आणि जोडपत्र नियत आकाराचं करायलाही शिकली होती. खांब पुन्हा पूर्ण उंचीवर उभा राहिला. पहिल्या संध्याकाळी तिने आईला आकडा नीट समजावून सांगितला. तासाभराने फोन आला.

"लुंबे, काटा हालत न्हाई. आप्पाच्या टायमाला तुझं टेशन सरकू नये म्हणून म्या त्याला फेविक्विक लावलं होतं."

दुसऱ्या दिवशी लुंबिनीने कार्यक्रम व्यंकटीच्या हवाली केला, अहमदपूरच्या स्टँडवर एक नवा रेडिओ घेतला आणि दुपारच्या एसटीने माळउमरीला गेली. रेडिओ फळीवर ठेवला, आकड्यावर आणला. दिवेलागणीला व्यंकटीचा आवाज आला, स्वच्छ, एकट्याचा. लुंबिनी फळीजवळ सरकली. तिने स्वतःचं केंद्र या घरात बसून कधी ऐकलंच नव्हतं.

पंचफुलाबाईने थोडा वेळ ऐकलं. मग तिच्याकडे वळून म्हणाली, "आज तू न्हाई का गं?"

"मी हितं हाय की, माय."

"ते दिसून राहिलं. रेडिओत न्हाई का म्हणते." तिचा चेहरा जरासा पडला होता. "उद्या येशील ना? सगळ्यायला सांगून बसले, आज लेक येणार म्हणून."

ओट्यावर ग्यानोबा पाटील आणि आणखी दोघे-तिघे येऊन बसले होते. लुंबिनी त्यांना सांगायला लागली की नवी लहर कशी मिळाली, दिल्लीला काय काय झालं. पंचफुलाबाईने हात वर करून तिला थांबवलं.

"गप बस जरा," ती म्हणाली. "तुरीचा भाव सांगून राहिला त्यो."